पोचल्याचा निरोप

लेकीला विमानतळावर सोडलं, पण रिकाम्या घरी लगेच जाववेना. वाटेतल्या संग्रहालयात शिरले. तिथं काचेमागे एक दगड होता. कोणे एके काळी घोड्याच्या नालेसारख्या पाठीचा खेकडा ओल्या चिखलातून चालत गेला होता. दोन्हीकडे पायांचे ठसे, मधे शेपटीनं ओढलेली रेघ. पुढे चिखलाचाच दगड झाला.

"यात खेकडा कुठंय?" मी रखवालदाराला विचारलं.

"तो गेला की पुढं, बाई. एवढंच राहिलंय."

घरी आले. शेजारच्या बांधकामाची धूळ आमच्या फरशीवर कायमच असते. तिच्यात लेकीच्या चपलांचे ठसे आणि बाजूनं बॅगेच्या चाकांची रेघ, थेट दारापर्यंत. माणूस प्रवासाला निघालं की पोचल्याचं कळेपर्यंत आमच्याकडे केर काढत नाहीत. मी रेघ ओलांडून वावरत राहिले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पोचले गं, आई."

केरसुणी घेऊन दारापाशी आले आणि तो दगड आठवला. त्या चिखलाला पोचल्याचं कुणी कळवलंच नसणार.

मला कळवलं होतं. मी केर काढला.