मेहरुनच्या कॅमेऱ्यातला तीळ

उरणजवळच्या मोरा बंदराच्या बाजूच्या मुसलमान घरांत लग्न ठरलं की बाजाराच्या यादीत एक ओळ हमखास असते. तांदूळ, खोबरं, मेंदीचे कोन, आणि त्याखाली 'मेहरुनचं कार्ड'. उरणच्या मोबाइल दुकानातल्या पोरांनाही ते आता पाठ झालंय. कुणी बाई तसं म्हणाली की ती पोरं खणात हात घालून सगळ्यांत कमी जागेचं मेमरी कार्ड शोधून काढतात. जास्त जागेचं कार्ड घातलं की मेहरुनचा कॅमेरा नुसता 'एरर' असं लिहितो आणि बंद पडतो.

कॅमेरा जांभळा, साबणाच्या वडीएवढा. सोळा वर्षांपूर्वी भावाने दम्मामहून आणला होता. बटण दाबलं की त्याची भिंग बसवलेली मान खर्रकन पुढे येते. म्हणून बायकांनी त्याचं नाव कासव ठेवलं. "मेहरुन, कासव आणलंस ना?" असं विचारल्याशिवाय कुठल्याच घरची हळद सुरू होत नाही.

मेहरुनचा नवरा खलील मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं देत असे. आता घरी असतो आणि बायकोची टिंगल करत असतो.

"सोळा वर्षं फोटो काढतेस, आन घरात माजा एक धड फोटो नाय."

"तुमी नवरी व्हा, मंग काढते," मेहरुन म्हणते.

गंमत बाजूला ठेवली तरी ते खरंच आहे. मेहरुन फक्त बायकांच्या बाजूचे फोटो काढते. हळदीला आणि मेंदीला आतल्या खोलीत मोकळे केस, नाच, गाणी, एकमेकींच्या नकला असं सगळं चालतं. तिथे पुरुष फोटोग्राफर दाराशीही येत नाही. फोन आले तेव्हा सगळ्याजणीच फोटो काढू लागल्या. मग एकदा एका पोरीचा नाच कुठल्याशा पोराच्या स्टेटसवर दिसला आणि बतूलदादींनी नियम केला. बतूलदादी गावातली सगळ्यांत वयस्कर बाई. दारात खुर्ची टाकून त्या स्वतः बसत आणि पायाशी वेताची टोपली ठेवत. आत जाणाऱ्या प्रत्येकीने फोन टोपलीत टाकायचा.

"ज्याला इंटरनेट नाय, तेच आत," दादी म्हणाल्या. असं यंत्र गावात एकच उरलं होतं.

मेहरुनने आपल्यासाठीही नियम केले. कार्ड नवरीच्या घरच्यांनी कोरं आणायचं. शेवटचा कार्यक्रम झाला की ते पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून, जोडावर आडवी सही करून नवरीच्या आईकडे द्यायचं. लग्नानंतर नवरी पहिल्यांदा माहेरी येईल तेव्हा तिनेच ते फोडायचं. शंभरावर लग्नं झाली, पण मेहरुनच्या घरात त्यांतला एकही फोटो नाही.

कॅमेऱ्यात एकच खोट होती. फार वर्षांपूर्वी पीरवाडीच्या किनाऱ्यावर तो वाळूत पडला आणि पोटात काहीतरी जाऊन बसलं. तेव्हापासून प्रत्येक फोटोत, मधोमध आणि जरा वरच्या बाजूला, एक पुसट करडा ठिपका येतो. कॅमेऱ्याच्या चरे पडलेल्या छोट्या पडद्यावर तो दिसत नाही, मोठ्या पडद्यावर मात्र लपत नाही. बायका त्याला मेहरुनचा तीळ म्हणतात. कुणाच्या कपाळावर येतो, कुणाच्या दातावर. ज्यांना ठाऊक आहे त्या फोटोच्या वेळी बरोबर एका बाजूला सरकून बसतात आणि नणंदेला मध्ये ढकलतात.

मागच्या हिवाळ्यात बतूलदादींच्या नातीचं, सहरचं, लग्न ठरलं. सहर बेलापूरला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला. बोलायला सरळ. लग्नाला आठवडा उरला तेव्हा ती मेहरुनला म्हणाली,

"खाला, तुम्हीच फोटो काढायचे. पण माझ्या लग्नात तेवढा तीळ नको हं."

मेहरुन हसली, पण ते मनाला लागलं. दुसऱ्याच दिवशी ती कॅमेरा घेऊन वाशीला गेली. एका गल्लीतल्या दुकानदाराने बारीक पेचकसाने तो उघडला, आत फुंकर मारली, कापूस फिरवला आणि परत देताना म्हणाला, "एकदम साफ झालाय, काकू." मेहरुनने दुकानाच्या भिंतीचा फोटो काढून छोट्या पडद्यावर पाहिला. काही दिसलं नाही. ती समाधानाने घरी आली.

गुरुवारी हळद झाली, शुक्रवारी मेंदी. शनिवारी सकाळी, निकाहाच्या आधी, मेहरुनने पाकीट चिकटवून सहरच्या आईच्या, जैबुनच्या, हातात दिलं. तिच्या लेखी लग्न पार पडलं.

मंगळवारी दुपारी जैबुनचा फोन आला. "मेहरुन, जरा घरी ये. दादीने बोलावलंय."

जैबुन तिला नेहमी मेहरुनबाय म्हणायची. चपला घालता घालता मेहरुनच्या मनात तेच घोळत राहिलं.

खोलीत बतूलदादी पलंगावर बसल्या होत्या. सहर सकाळीच माहेरी आली होती. तिची फुफी, म्हणजे आत्या, खैरुन खिडकीशी पदराने वारा घेत होती. शेजारच्या तिघीचौघी भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणी चहाचं विचारलं नाही.

जैबुनने फोन पुढे केला. हळदीतला फोटो होता. सहरचे केस मोकळे, गालाला हळद, तोंड उघडं टाकून ती हसत होती.

"वलीम्याच्या जेवणाला पनवेलला गेलो, तर सासूबाईंच्या फोनवर हा," जैबुन म्हणाली. "कोनीतरी दोह्याहून पाठवला. नवरा बिचारा काय बोलला नाय. सासू एवढंच बोलल्या, 'तुमच्याकडे फोन टोपलीत ठेवतात ना?' मी मान खाली घातली."

"या अल्ला," मेहरुन म्हणाली.

"फोन टोपलीतच होते. आत यंत्र एकच." जैबुनने तिच्याकडे पाहिलं नाही. "दोन दिवस कॅमेरा कार्डासकट तुज्या घरी होता. उसामा कॉम्प्युटरवाला पोरगा. मुद्दाम केलं असंल असं मी म्हनत नाय..."

स्वतःवर आलं असतं तर मेहरुनने कदाचित ऐकून घेतलं असतं. मुलाचं नाव आलं आणि तिचे कान तापले. उसामा बंदरातल्या कंटेनर यार्डात कॉम्प्युटरवर नोंदी करतो. आईच्या कॅमेऱ्याला त्याने आजवर हातही लावला नव्हता. लावू दिलाच नव्हता. आज ही गोष्ट इथे मिटली नाही तर पुन्हा कुणाच्या हळदीत तिला बोलावणं येणार नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या घरांत उसामासाठी मुली होत्या त्या घरांची दारं तिला बंद होणार होती.

"जाऊ द्या ना आता," खैरुनफुफी खिडकीजवळूनच म्हणाली. "झालं ते झालं."

"जाऊ कसं देनार?" बतूलदादी म्हणाल्या. "बोल मेहरुन."

मेहरुनने तोंड उघडायच्या आतच सहर उठली. तिने आईच्या हातातून फोन घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, खाली केला, वर केला.

"थांबा. यात तीळ कुठाय? खालाच्या कॅमेऱ्याचा असता तर माझ्या कपाळावर तीळ पाहिजे होता."

भिंतीशी बसलेल्या बायका पुढे सरकल्या. "खरंच की गं!" "माज्या लग्नात तर दातावर आलेला." "आमच्या आपाच्या तर नाकावर!" खोलीतली हवा एकदम सैल झाली. एकीने तर उठून मेहरुनला जागाही करून दिली.

मेहरुन बसली नाही. गप्प राहिली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. वाशीला ती गेल्याचं खलीलखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"तीळ नसनारच, सहर," ती म्हणाली. "मी तो काढून आनला. तू बोललीस म्हनून. लग्नाच्या आदल्या आठवड्यात वाशीला नेऊन साफ केला."

जागा करून दिलेली बाई पुन्हा पसरून बसली. जैबुनने कपाळाला हात लावला.

बतूलदादी मात्र पलंगावर सरळ होऊन बसल्या. मग म्हणाल्या, "पाकीट आन, जैबुन."

पाकीट आलं. डिंक जसाच्या तसा होता, सही जोडावर नीट जुळत होती. सहरने ते फोडलं आणि कार्ड आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावलं. बायका तिच्या मागे दाटीने उभ्या राहिल्या.

पहिला फोटो हळदीच्या वाटीचा. सहरने ओढणीच्या टोकाने पडदा पुसला. पुन्हा पुसला.

"काय झालं?"

"हे जात नाही."

वाटीच्या डाव्या काठावर एक पुसट करडा ठिपका होता. दुसऱ्या फोटोत तो जैबुनच्या कोपराशी, तिसऱ्यात भिंतीवर, चौथ्यात एका करवलीच्या अगदी गालावर. सहर पुढे पुढे जात राहिली. तीनशे बारा फोटो होते आणि प्रत्येकात, डावीकडे जरा खाली, तो बसलेला होता. जुन्या जागी काही नव्हतं. तीळ गेला नव्हता, घर बदलून राहायला आला होता.

"वाशीवाल्याने साफ केला का नुसता बाजूला सरकवला?" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. मेहरुनलाही हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे टिपले. त्या दुकानदाराने काम अर्धवटच केलं हे किती बरं झालं, असं तिला वाटलं.

सहरने फोनमधला फोटो लॅपटॉपशेजारी धरला. "डावीकडे नाही. मधेही नाही. हा खालाचा नाही. लिहून देते हवं तर."

"मंग आत दुसरं यंत्र होतं," बतूलदादी म्हणाल्या.

सहरचं बोट अजून बटणावरच होतं. पुढचा फोटो आला आणि ते थांबलं. फोटोत ती स्वतः नाचत होती. मागे, खांबाशी, खैरुनफुफीने पदर पुढे धरला होता, आणि पदराखालून निळसर उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. मेहरुनने तो पाहिला. कार्डात जे असेल ते नवरीचं, हा तिचाच नियम. तिने नजर दुसरीकडे वळवली. सहरने पुढचं बटण दाबलं नाही.

खैरुनफुफी खिडकीपासून उठून खाली बसली. "मी टोपलीत जुना फोन टाकला," ती म्हणाली. "बंद पडलेला. माजी पोर दोह्याला, आठवा महिना लागलाय, येता नाय आलं. सकाळपासून रडत होती. मी फोटो नाय काढला, कसम. नुसता व्हिडिओ कॉल लावला. तिच्या घरात कोनी त्यावरून फोटो काढून घेतला असंल."

तिच्यावर कुणी ओरडलं नाही. बतूलदादींनी एवढंच म्हटलं, "मला सांगितलं असतंस तर त्या पोरीसाठी मी स्वतः फोनवर हळदीची गानी गायली असती. चोरी कशाला?" मग त्यांनी जैबुनकडे पाहिलं.

जैबुन मेहरुनपाशी आली. "मेहरुनबाय, चूक झाली माजी. उसामाला पन माफी सांग."

"मला सांगितलीत, पोचली," मेहरुन म्हणाली. "उसामाची तुमी येऊन सांगा. माज्या हातून पाठवू नका."

खोलीतल्या कुणी इतक्या वर्षांत मेहरुनचा हा आवाज ऐकला नव्हता. जैबुनने मान हलवली. संध्याकाळी ती खरोखरच आली, दहीवड्यांचं पातेलं घेऊन. उसामा कामावरून नुकताच परतला होता. ती काय बोलतेय ते त्याला निम्मं कळलं आणि सगळं कळेपर्यंत त्याने चार वडे खाल्ले होते.

सहरने त्याच दिवशी सासूला फोन करून घडलेलं सगळं सांगितलं. सासूबाई ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "त्या बाईंचा नंबर दे. आपल्या धाकटीचं लग्न डिसेंबरात आहे." पनवेलच्या यादीतही आता मेहरुनचं कार्ड लिहिलं जाणार होतं.

आठवड्याने बतूलदादींनी पुन्हा बोलावणं पाठवलं. या वेळी निरोपात 'कासव घेऊन ये' असंही होतं. मेहरुन गेली तेव्हा दादी एकट्याच होत्या. त्यांच्या मांडीवर न उघडलेलं कोरं कार्ड होतं. उरणहून मुद्दाम मागवलेलं.

"कोनाचं लग्न, दादी?"

"कोनाचं नाय. दार लाव."

बतूलदादींचा आधार कार्डावरचा सोडला तर फोटोच नव्हता. कार्यक्रमांत कासवाची मान बाहेर आली की त्या ओढणी तोंडावर घेत. आज त्यांनी ओढणी सोडून घडी घालून उशाशी ठेवली. पांढरी शुभ्र वेणी पाठीवरून पुढे घेऊन सोडली. केस कमरेच्याही खाली येत होते.

"सोळा वर्सांची होते तेव्हा दोन नारळाच्या झाडांएवढे होते, असं माजी आई बोलायची," दादी म्हणाल्या. "कोनी बघितलेच नाय. पाकीट माज्या पेटीत राहील. मी गेले की सहर फोडंल."

मेहरुनने कार्ड घातलं.

"तो तीळ आता कुठं येतो?"

"डावीकडे, दादी. खालच्या बाजूला. तुमी जरा इकडं सरका, म्हंजे चुकंल."

"चुकवू नको. गालावर येऊ दे," दादी म्हणाल्या आणि त्याच बाजूला झुकून बसल्या.

मेहरुनने बटण दाबलं. कासवाने मान काढली, पडद्यावर लाल खूण लुकलुकली आणि मान पुन्हा आत गेली.

"थांबा दादी, सेल संपले," ती पर्समधली रबरबँड लावलेली पुडी सोडत म्हणाली.

"बदल सावकाश," बतूलदादी म्हणाल्या. गाल पुढे करून, केस मोकळे सोडून, त्या बसून राहिल्या.