मानेवरचे थेंब

चोपड्यात माझं बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकांची. बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना एकच प्रश्न विचारतो, बाटलीवरचं वाचलं का? आणि बावीस वर्षं ते मला एकच प्रश्न विचारतात, पंपाला किती टाकू? वाचत कोणी नाही. एका फवारणीत कीड गेली नाही की दुप्पट टाकतात, आणि मग डोकं गरगरतं म्हणून माझ्याच दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. मी त्यांना फार बोलतो. चारचौघांत पाणउतारा केल्याशिवाय मला चैन पडत नाही, असा माझा स्वभाव आहे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते एखाद्या गिऱ्हाइकानं केलं असतं तर मी त्याला पुन्हा दुकानात पाऊल ठेवू दिलं नसतं.

आई गेल्यापासून वडील आमच्याकडे असतात, पुढच्या खोलीत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गुडघ्यांनी दगा दिलाय, मधुमेह आहे, आणि बोलणं तर जवळजवळ बंदच. जे काही बोलतात ते कुत्रीशी. ही तांबूस कुत्री गल्लीतून आपली आपण घरात आली आणि आबांच्या खाटेखाली गोणपाटावर तिनं बस्तान मांडलं. आबा तिला 'बाई' म्हणतात. सुनेला त्यांनी इतक्या मानानं कधी हाक मारली नाही, हे माझी बायको मला महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

पावसाळा सरता सरता घरात पिसवा झाल्या. आम्हाला थोड्या चावल्या, आबांच्या पायांची मात्र चाळण केली. ते रात्रंदिवस खाजवायचे. खाजवून जखमा झाल्या आणि मधुमेहामुळे त्या भरेनात. उजव्या पायाचं एक बोट काळपट दिसायला लागलं तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पाय वाचवायचा असेल तर आधी कुत्री घराबाहेर काढा, म्हणाले. आबांना ऐकू कमी येतं असा आमचा समज होता.

"तुम्ही तिले काढशात ते मनी बी खाट बाहेर काढा," आबा म्हणाले. कित्येक महिन्यांत ते माझ्याशी एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. मी डॉक्टरांकडून पंधरा दिवस मागून घेतले. पंधरा दिवसांत पिसवा संपल्या नाहीत तर कुत्री जाईल, असं ठरलं.

जनावरांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वयानं लहान, पण नीट समजावून सांगणारे. त्यांनी एक छोटी नळी दिली. दोन खांद्यांच्या मधे, मानेच्या मागे केस बाजूला सारायचे आणि नळी थेट कातडीवर पिळायची. तिथं कुत्र्याची जीभ पोचत नाही, म्हणून तिथं. औषध कातडीच्या तेलकटपणातून एक-दोन दिवसांत सगळ्या अंगावर पसरतं. पिसू अंगावर चढली की ते तिला लागतं आणि ती मरते. दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर आंघोळ नको. पुढची नळी महिन्यानं, त्याआधी नाही.

"पण खरं काम घरात आहे," ते म्हणाले. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. त्यांची अंडी खाली गळतात, गोणपाटात, फरशीच्या फटीत. त्यातून अळ्या, मग कोष. कोषाला कुठलंच औषध नीट लागत नाही. जवळून कोणी चाललं, जमीन हलली, की पिसू कोषातून बाहेर उडी मारते. "तेव्हा दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसतील. औषध फुकट गेलं असं समजू नका. अंथरुणं गरम पाण्यात धुवा, घर रोज झाडा, धीर धरा."

मी मान डोलावली. अंडी, अळी, कोष, हे मी बोंडअळीच्या बाबतीत दर हंगामात लोकांना तोंडपाठ सांगतो. मला काय शिकवता, असंच माझ्या मनात होतं. गोणपाट तेवढं बदललं, फटी कोणी पाहिल्या नाहीत.

आठवडाभर छान गेला. अकराव्या दिवशी आबांच्या पायांवर पुन्हा ताजे लाल ठिपके उठले आणि मी घाबरलो. चार दिवस उरले होते. रिकामी नळी मी टाकली नव्हती. चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि मला हसूच आलं. त्यातलं मूळ औषध माझ्या दुकानात कपाशीसाठी लिटरच्या बाटलीत ठेवलेलं होतं. नाव तेच, अक्षर न् अक्षर. मला वाटलं, डोस कमी पडला.

नाव एक असलं तरी बाटलीतलं मिश्रण वेगळं असतं, त्याची तीव्रता वेगळी, ते कातडीसाठी केलेलंच नसतं, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. सकाळी बाटली आणली, बादलीभर पाण्यात अंदाजानं औषध ओतलं आणि कुत्रीचं सगळं अंग त्या पाण्यानं चोळून काढलं. पाठ, पोट, पंजे, काही सोडलं नाही. हातात मी रबरी मोजे घातले होते. खाटेवरून आबा बघत होते.

ती दोन तास स्वतःला चाटत बसली. दुपारच्या जेवणाआधी तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग पाय ताठ झाले, मग सगळं अंग झटके द्यायला लागलं. तिला जुन्या चादरीत गुंडाळून गाडीत घातलं तर आबा काठी टेकत दारात उभे. एकट्यानं खाटेवरून उतरले होते. त्यांना मागच्या सीटवर बसवलं.

दवाखान्यात पाच-सहा शेतकरी गायी-म्हशी घेऊन आले होते, सगळे माझी गिऱ्हाइकं. डॉक्टरांनी लाळ पाहिली, झटके पाहिले आणि ते चटकन मागे सरले. "कोणी हात लावू नका. हिला कुठलं पिसाळलेलं कुत्रं चावलंय का? लस दिली होती?" लोक दूर झाले. मग त्यांनी मला विचारलं, "दुसरं काही लावलंत का अंगाला? खाण्यात काही आलं?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही दिलेली नळी, तेवढीच."

ते इतकं सहज तोंडातून आलं की माझा मलाच धक्का बसला. त्या पाच-सहा जणांसमोर मला खरं सांगवेना, बाकी काही कारण नव्हतं. डॉक्टरांनी मदतनिसाला साखळी आणायला सांगितलं. तिला वेगळ्या खोलीत बांधून लांबून लक्ष ठेवू, दुसरं करता येण्यासारखं काही नाही, म्हणाले.

तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. आबांना बाहेर पडता येत नव्हतं, त्यांनी आतूनच आवाज दिला. एवढा मोठा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

"साहेब, हाऊ खोटं बोली राह्यना! कपाशीनं औषद लायं त्यानी तिले, बठ्ठा आंगले! मना डोयासमोर लायं!"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी फक्त औषधाचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्यांची धावपळ सुरू झाली. झटके थांबवायचं इंजेक्शन, साबणाच्या पाण्यानं अंघोळ, पुन्हा अंघोळ, पुन्हा, मग सलाईन. मी बादल्या भरून देत होतो. ज्यांना मी पायरीवर बसवून बोललो होतो त्यातल्याच एकानं म्हैस खुंट्याला बांधून मला पाण्याला हात दिला. लाजेनं मला त्याच्याकडे बघवेना.

ती वाचली. तीन दिवस दवाखान्यात राहिली आणि चौथ्या दिवशी लटपटत घरी आली. आम्ही तोवर खोली रिकामी केली, फटी सिमेंटनं बुजवल्या, सगळं अंथरूण उकळलं. डॉक्टरांनी सांगितल्यासारख्याच पिसवा हळूहळू कमी होत गेल्या आणि आबांच्या डॉक्टरांनी मुदत वाढवून दिली.

ती परत आली त्या संध्याकाळी मी आबांच्या पायाला मलम लावायला बसलो. नळीचं टोपण काढलं, तर आबांनी पाय मागे ओढून घेतला.

"काय लिखेल शे त्यावर? वाच."

मी चष्मा लावला आणि वाचलं. मलमाचं नाव, कशासाठी, किती, दिवसातून किती वेळा, सगळं. ते माझ्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ऐकत होते. पाय त्यांनी पुढे केला नाही.

"सूनले बलाव," ते म्हणाले.

मी तिला हाक मारली आणि मलमाची नळी तिच्या हातात दिली.