हरणाबाईंचा सरळ रस्ता

मी स्वभावानं तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी वाईट वाटून घेणार नाही.

दरवर्षी डिसेंबरात मी सायकलवाल्यांची एक टोळी रत्नागिरीच्या समुद्रापासून आंध्रातल्या सूर्यलंकेच्या समुद्रापर्यंत नेतो. तेरा दिवस, हजारभर किलोमीटर, वाटेत घाट. येणारी माणसं बहुतेक पुण्या-हैदराबादची, तिशी-चाळिशीतली. एकेकाच्या सायकलीच्या किमतीत आमच्याकडं दोन म्हशी येतील. मागं सामानाचा टेम्पो असतो. तो नळदुर्गचा बंडप्पा चालवतो, आणि सायकली दुरुस्त करायलाही तोच.

दोन वर्षांपूर्वी या बंडप्पानंच हरणाबाईंना तुळजापुरात आमच्या घरी आणलं. बाई अणदूरच्या. एकतीस वर्षं ग्रामीण डाकसेवक म्हणून सायकलवर टपाल वाटलेलं. पासष्टी भरली तशी नोकरी संपली. अंगानं वाळक्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि नजर अशी की जणू मी पत्ता चुकलेलं पाकीट आहे.

मी सरळ नाही म्हणालो. "मावशी, हे देवदर्शन नाही. घाट आहेत."

"घाट हायेत म्हणूनच इचारायला आले," त्या म्हणाल्या. "सपाटीला तुमी कशाला पायजे?"

माझे वडील नारायणराव आतल्या खोलीतून हसले. मला ते आवडलं नाही. विचारलं, "पण या वयात कशासाठी?"

"सकाळी निघायचं, चार वस्त्या करायच्या, दुपारला परत अणदूर. एकतीस वर्षं, सर. जितकं गेले तितकंच माघारी आले. एकदा सरळ जायचंय. माघारी न फिरता."

मी अट घातली. गिअरची सायकल शिका, आणि सलग तीन दिवस अणदूर ते उमरगा आणि परत करून दाखवा. वाटलं होतं, ब्याद टळली. दोन महिन्यांनी बंडप्पाचा फोन आला. तीन नव्हे, चार दिवस केलं होतं. चौथा दिवस कशाला, म्हणून विचारलं. तर म्हणे, पहिल्या दिवशी जाता-येता वारा पाठीशी होता, तो दिवस धरायचा न्हाय.

अर्ज भरायला आल्या तेव्हा त्यांनी नियमांचा कागद ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचला. सही करण्याआधी वाचणारं ते पहिलंच माणूस. चौथ्या नियमाशी बोट थांबलं. संपूर्ण अंतर चाकावर. चढावर उतरून चालणाऱ्याला पुढं येता येईल, पण 'सागर ते सागर'चं प्रमाणपत्र मिळणार नाही. त्यांनी मान हलवली आणि सही केली. टपालाच्या जुन्या सायकलीचं कॅरिअर तेवढं नव्या सायकलीला बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट लागला. साखरप्याहून निघालो आणि दोन तासांत टोळीची दाणादाण उडाली. पुण्याचा एक पट्टीचा सायकलवाला चक्कर येऊन टेम्पोत बसला. हरणाबाई सगळ्यात हलक्या गिअरवर चालल्या होत्या, आमच्यातल्या कुणाहीपेक्षा हळू, पण थांबत नव्हत्या. ओठ हलत होते. जवळ जाऊन ऐकलं तर वस्तीवरची घरं चालली होती. एका वळणाला एक घर. शिंद्याचं. पुढच्याला शाळा. त्याच्या पुढच्याला कल्याणप्पाचं, तिथं कुत्रं हाय. वर आंबा गावात पोचल्या. सायकल भिंतीला टेकवून म्हणाल्या, "वाटून झालं."

त्या दिवसापासून मी त्यांना पाण्यात पाहणं सोडलं.

सोलापूर सोडलं आणि सहाव्या दिवशी तुळजापूरचा घाट आला. आंब्याच्या मानानं हा घाट म्हणजे किस झाड की पत्ती, तीन-चार किलोमीटरचा. मी पुढं येऊन वर माथ्याला उभा राहिलो. एकेक जण येऊन गावाकडं गेला. हरणाबाई येईनात. अर्ध्या तासानं वळणावर दिसल्या. बाई चालत होत्या. अनवाणी. बूट कॅरिअरला बांधलेले, सायकल हाताला धरलेली, आणि चेहरा अगदी शांत.

त्यांचं माहेर घाटाखालचं, तामलवाडीचं. लहानपणापासून आईचं बोट धरून त्या हा घाट चढलेल्या. त्यांच्या घरात देवीच्या घाटाला कुणी वाहनावर बसत नाही. घाटाचा पायथा आला की पायातलं काढायचं आणि चालायचं. पायथा आला, त्या उतरल्या, बूट काढले. नियम आठवलाच नाही. मी वर उभा दिसलो तेव्हा तो त्यांना आठवला.

"सर, म्या उतरले का हो?" त्यांनी मलाच विचारलं. मग खाली मान घालून पायांकडं बघितलं. डोळे भरून आले होते. "पायांनी मला इचारलंच न्हाय."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मी तुळजापुरात जन्मलेला. घरात आजोबांपर्यंत देवीची पूजा. आणि नियम लिहिताना हा घाट मला नुसता चढ म्हणून आठवला होता. मी म्हणालो, "मावशी, नियम माझाच आहे. खोडून टाकतो."

"नियम तुमी खोडाल. माझी सही कोन खोडणार?"

"अहो, पण माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही."

"म्या बघितलं की."

बंडप्पा आधीच वर आणलेल्या टेम्पोला टेकून उभा होता. तो म्हणाला, "सर, अणदूरवाल्यांना नका शिकवू. यांचा देवबी करारावर हालतोय." ते खरंच आहे. अणदूरचा खंडोबा वर्षातले काही महिने नळदुर्गला असतो, आणि मूर्ती नेता-आणताना दोन्ही गावं लेखी करार करतात. कागदावर सह्या झाल्याशिवाय देव जागचा हलत नाही. अशा गावच्या बाईला मी सही विसरायला सांगत होतो.

हरणाबाई देवळाकडं गेल्या. महाद्वाराशी डोकं टेकवून अर्ध्या तासात परत आल्या, बूट घातले आणि सायकलीचं तोंड खाली, सोलापूरकडं वळवलं.

"कुठं निघालात?"

"पायथ्याला. तिथनं चाकावर येते."

"मावशी, तुम्हाला माघारी फिरायचं नव्हतं ना?"

त्या म्हणाल्या, "न्हवतंच. तेवढ्यासाठी तर आले. लई जिवावर आलंय, सर. पन न जावं, तर पुढं समुद्रापातूर हा तुकडा टोचत राहील."

"आणि देवीला चालेल? चाकावरनं चढलेलं?"

"तिला पायी जाऊन सांगून आले की. ती समजून घेतीया. आता तुमच्या कागदाचं तेवढं राहिलंय."

कागद माझा, म्हणजे मागं राहून बघणंही माझ्याच माथी. भर दुपारी मी त्यांच्या मागं घाट उतरलो आणि पुन्हा चढलो. ट्रक घासून जात होते. अर्ध्यावर माझा दम उखडला. त्यांचाही उखडला होता, पण त्या उठून उभ्या पायांनी पॅडल मारत राहिल्या. शिंद्याचं. शाळा. कल्याणप्पाचं. शेवटच्या वळणावर घरं संपली, तेव्हा त्या पहिल्या घरापासून परत सुरू झाल्या. वर पोचल्या आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या. मी पाणी दिलं. मला रडू येत होतं आणि ते लपवायला मी बंडप्पावर उगीच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी अणदूर आलं. हायवेला अर्धा गाव उभा होता. कुणीतरी भंडारा उधळला, कपाळ पिवळं झालं. सुनेनं चहाचा कप पुढं केला. हरणाबाईंनी एक पाय टेकवला, उभ्या उभ्या चहा घेतला, आणि पॅडल मारलं. एकतीस वर्षांत सायकल अणदूरला येऊन घरी न वळता पुढं गेली ती पहिल्यांदाच. पुढं एक-दोन किलोमीटर त्या नुसत्या हसत होत्या.

तेराव्या दिवशी सकाळी सूर्यलंकेला पुढचं चाक पाण्यात गेलं. त्या वाळूत बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता पुढं रस्ताच न्हाय," आणि हे त्यांनी फार समाधानानं म्हटलं.

मी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. त्यांनी आपलं वाचलं, पुन्हा बोट फिरवून, आणि परत केलं.

"यात तुळजापूरचा घाट घाला. एकदा पायी, एकदा चाकावर."

मी पेनानं तसं लिहिलं आणि पुढं केलं. तरी त्या घेईनात.

"हातात नको. पोस्टानं धाडा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाचं वाटत फिरले. माझ्या नावाचं एक घरला येऊ द्या."

आम्ही रेल्वेनं परतलो. तुळजापूरला आल्यावर मी पाकीट घेतलं. 'हरणाबाई, अणदूर' एवढ्यावरही ते पोचलं असतं. मी पूर्ण नाव, गल्ली, तालुका, जिल्हा, पिनकोड सगळं नीट लिहिलं आणि टपालात टाकायला स्वतः चालत गेलो.