खालाच्या गिरणीतला जळका वास

"वास येऊन राहिला का, पोरी? जळका?" आखाडा बाळापुरात आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या खालानं असं विचारलं की मी घाबरून आधी यंत्राच्या बटणाकडे बघायची. दळण घेऊन आलेल्या बायका बोलता बोलता थांबायच्या आणि नाक वर करून हुंगायला लागायच्या. कुणी हो म्हणालं तर सुटलो, गिरणीचे दगड तापले असणार. सगळ्यांनी नाही म्हटलं तर खालाला फिट येणार.

आधी तिला हे ठाऊक नव्हतं. नवरा गेल्यापासून गिरणी ती एकटीच बघायची. जळका वास आला की धावत जाऊन यंत्रावर वाकायची आणि तिथंच कोसळायची. एकदा तिचा पदर पट्ट्यात गेला. शेजाऱ्यानं बटण बंद केलं म्हणून जीव वाचला. मग नांदेडच्या डॉक्टरांनी समजावलं, की वास खोटा असला तरी इशारा खरा आहे. मेंदूत फिटची सुरुवात त्या वासानंच होते. ते ऐकून मीच जास्त घाबरले. इतकी वर्षं तो इशाराच तिला पट्ट्याकडे नेत होता.

तेव्हापासून सोबतीला कुणी असल्याशिवाय ती गिरणी सुरू करीत नसे. दुपारी दळण ठेवून गिऱ्हाईक निघून गेलं की मी शिवणकाम बाजूला ठेवून तिथं जाऊन बसायची. तिच्या सूचना ठरलेल्या असत. "चप्पल हुंगवायची न्हाई, तोंडात चमचा घालायचा न्हाई. कुशीवर करा अन् गप बसा. लईच लांबलं तं दवाखान्यात न्या." तरीही कांदा घेऊन धावलेल्या एका म्हातारीला शुद्धीवर आल्यावर तिनं तो भाजीत घालायला सांगितलं होतं.

गेल्या पावसाळ्यात मला जबर सर्दी झाली होती आणि नेमकं तेव्हाच तिनं विचारलं. आम्ही दोघीच होतो. नाक चोंदलंय, कळत नाही, असं मी कसंबसं सांगितलं. तिच्या डोळ्यांत भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिनं बटण बंद केलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि पलीकडच्या भिंतीपाशी जाऊन बसली.

"कळत न्हाई म्हंजे बंदच करायचं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे फिरले. तिला कुशीवर वळवून मी पाठीला हात लावून बसले. 

पुढं गोळ्या बदलल्या आणि त्या लागू पडल्या. फिट थांबली, तसा वासही थांबला. गल्लीनं पेढे मागितले. खाला मात्र खंगत चालली. "वास यायचा तवर बसायला टाइम भेटायचा. आता न सांगता आली तं?" डॉक्टरांनी धीर दिला, आम्हीही दिला, पण चालत्या पट्ट्याजवळ जायला तिचे पाय धजेनात. दिवाळीनंतर तिनं गिरणी विकली. औंढ्याला लेकीकडे राहायला जायचं ठरलं.

गिरणी ताब्यात देण्याआधीचं शेवटचं दळण माझंच होतं, त्यासाठी तिनं मनाचा हिय्या केला. ती ओठ घट्ट मिटून काम करत होती. ज्या प्रश्नाला मी इतकी भ्यायची, तो तिनं आज एकदा तरी विचारावा, असं मला फार वाटत होतं. शेवटी न राहवून मीच विचारलं, "खाला, वास येऊन राहिला का?"

"न्हाई ना," ती म्हणाली, आणि पट्ट्यापासून एक पाऊल मागं सरली.