पडद्यावरची रिकामी टाकी

चित्र बघून कारखाना चालवता येतो असं कोणी म्हणालं, की मी अजूनही भांडायला उठते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी रसायनीच्या एका कारखान्यात कंट्रोल रूममध्ये होते. कर्जतहून कंपनीच्या बसने जायचं, खालापूरला बस भरायची आणि मग गप्पांना तोंड फुटायचं.

आमच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि त्याला दोन पडदे. जुना पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं. काहीही सुरू करायचं तर नाव, नंबर, हुकूम, सगळं टाइप करायचं. मग यंत्र खडूस सासूसारखं उलट विचारणार, नक्की का? नक्की असेल तर नंबर पुन्हा लिही. नवा पडदा रंगीत होता. त्यावर टाक्या, नळ, पंखे यांची चित्रं. वायरचं एक पेन चित्राला टेकवलं की काम झालं.

मुंबईहून आलेले आमचे तरुण साहेब या रंगीत पडद्याच्या प्रेमात होते. मी टाइप करायला बसले की म्हणत, "बाई, पोथी वाचून झाली की सांगा." माझं म्हणणं एवढंच होतं की हुकूम लिहिताना आपण काय करतोय ते डोक्यात उतरतं. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं. ते नुसते हसले.

श्रावणातली एक संध्याकाळ. बाहेर इतकं अंधारून आलं होतं की दिवे आधीच लावले होते. त्या दिवशी मोठी टाकी घासायला एक कंत्राटी माणूस आत उतरला होता. आत माणूस असला की टाकी घुसळणाऱ्या पंख्याचा फ्यूज काढून ठेवायचा, असा नियम होता. पण पावसाळ्यात आमच्याकडे फ्यूज रोज जात. मोकळी जागा दिसली म्हणून कोणीतरी नवा बसवून टाकला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

साहेब टाकीवर जाऊन आले. टाकीच्या तोंडाशी वाकून त्यांनी एक हाक मारली होती आणि आतून काही आवाज आला नव्हता. "गेला तो. फ्यूजही परत बसवलाय. टाकी रिकामी आहे, करा पंखा सुरू," ते म्हणाले आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही. हट्टानेच जुन्या पडद्यासमोर बसले आणि हुकूम लिहिला. यंत्राने विचारलं, नक्की का?

रोजचाच प्रश्न, पण त्या संध्याकाळी माझी बोटं पुढे जाईनात. शेजारच्या रंगीत पडद्यावर ती टाकी पांढरीशुभ्र, रिकामी दिसत होती. तिच्यात माणसाचं चित्र काढायची सोयच नव्हती. मी खरंच घाबरले. पाठीमागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय असं वाटलं आणि वळून बघायचा धीर होईना.

टाकीपाशी एक स्पीकर होता. इकडून बोललं की तिकडे ऐकू जाई, तिकडचं इकडे येई. मी बटण दाबून विचारलं, "आत कोणी आहे का?"

स्पीकर खरखरला. मग त्या पांढऱ्या, रिकाम्या टाकीतून आवाज आला, "हाय बाई, मी हाय."

साहेब टाकीकडे धावले. मी हुकूम पुसला.

त्याला वर काढून आमच्या खोलीत आणलं, चहा दिला. साहेबांनी त्याला विचारलं, "मी हाक मारली तेव्हा ओ का नाही दिलीस?"

"पयल्या हाकेला आमी ओ देत नाय, साहेब," तो शांतपणे म्हणाला. "तिन्हीसांजंला तर नायच. माणूस आसंल तर परत हाक मारतो. दुसरं कोण आसंल तर एकदाच मारून गप बसतं."

"म्हणजे माझी हाक ऐकून तू गप्प बसलास?"

"तुमची हाक नाय आली मला. ह्या बाईंचीच आली, दोन वक्ताला. पयल्यांदा मारली ती नाव घेऊन. म्हणून तर भ्यालो मी."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी स्पीकरवरून एकदाच बोलले होते आणि तेही 'आत कोणी आहे का' एवढंच. नाव घेऊन हाक मारणं मला शक्यच नव्हतं. तो माणूस दुसरा पावसाळा आमच्या टाक्या घासत होता आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.