डावीकडच्या कोपऱ्यातली बाई

"त्या म्हातारीला जरा डावीकडं घे. कोपरा रिकामा पडतोय."

सर मला म्हणाले. म्हातारी म्हणजे माझी आई.

सरांना ते ठाऊक नव्हतं. वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मला होतं, तिला होतं, आणि तिच्या शेजारी खडी फोडत बसलेल्या आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायांना होतं.

एकोणीसशे पन्नासचं दशक निम्मं सरलं होतं. मुंबई-पुणे रस्ता रुंद करायचं काम पिंपरीपाशी येऊन पोचलं होतं. दिघीकडच्या खाणीतून दगड यायचा, रस्त्याकडेला त्याचे ढीग पडायचे आणि बाया ते हातोडीनं फोडून खडी करायच्या. पलीकडं नवा कारखाना उभा राहत होता. निम्मा चालू, निम्मा बांधायचा. चालू झालेल्या भागात मी बाटल्या धुवायच्या खात्यात कामाला होतो. विशीच्या आतबाहेर असेन. चिखलीच्या महारवाड्यातला पोरगा, कारखान्यात लागला म्हणून वस्तीत मान होता. आणि रविवारी मी चिंचवडला सरांच्या घरी चित्रकला शिकायला जात होतो.

सर मोठे चित्रकार. अंगावर खादी. "मी जातपात मानत नाही," असं वर्गात सगळ्यांदेखत म्हणायचे आणि माझ्याकडं बघायचे. माझ्याकडून फी घेत नव्हते. त्याबदल्यात सगळ्यांचे ब्रश मी धुवायचे, बाहेर चित्रं काढायला गेलं की सगळ्यांचे बोर्ड मी डोक्यावर न्यायचे. रंग कालवायला पाणी सगळ्यांना सरांच्या घंगाळातलं. मला माझं डबडं, नदीवरून भरून आणलेलं. ते कुणी मला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी घंगाळाकडं हात नेला तेव्हा सरांच्या घरातून कुणीतरी खाकरलं. मला कळलं. असं कळायला आम्हाला वेळ लागत नाही.

तरी मी खूश होतो, हे खोटं कशाला बोलू. सर शिकवायचे ते सोनं होतं. आधी मी चित्र म्हणजे नुसत्या वस्तू काढायचो. झाड, घर, बैल, एकापुढं एक, सारखे. सरांनी रचना शिकवली. पुठ्ठ्याला खिडकी पाडून तिच्यातून बघायला लावलं. काय आत ठेवायचं, काय बाहेर टाकायचं. मुख्य गोष्ट मधोमध ठोकून बसवायची नाही. उजळाशेजारी गडद ठेवायचं. एका बाजूला मोठं वजन पडलं तर दुसऱ्या बाजूला लहान पण गडद काहीतरी हवं, नाहीतर चित्र कलंडतं. "डोळे बारीक करा," सर म्हणायचे. "बारीकसारीक दिसेनासं होईल. उजेड आणि काळोख तेवढा उरेल. तीच तुमची रचना." मग मला जिकडंतिकडं रचना दिसायला लागली. बाटल्यांच्या रांगेत, नदीवरच्या धुण्यात, भाकरीच्या परातीत. पोरगा चित्रकलेचा मास्तर होणार म्हणून आई वस्तीभर सांगत फिरायची. मास्तर व्हायला सरकारी परीक्षा लागायची, आणि त्या परीक्षेला सर ज्याला पाठवतील तोच जाणार होता.

आईबद्दल वर्गात एकदा कुणीतरी विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "घरीच असते." जात लपवता आली नाही, म्हणून निदान खडी लपवली.

त्या रविवारी सर आम्हाला रस्त्यावर घेऊन गेले. विषय होता नव्या देशाची उभारणी. मागं कारखान्याची पांढरी भिंत आणि धुराडं, पुढं कष्टकरी. सरांनी ठेकेदाराला आधीच सांगून ठेवलं होतं. मुकादमानं बायांना दम भरला होता की सायेबलोक म्हणतील तसं बसायचं, तोंड उघडायचं नाही. आईची टोळी आकुर्डीच्या अंगाला आहे असं मी समजून होतो. बोर्ड डोक्यावरून उतरवले, मान वर केली, तर समोर ती.

तिनं मला आधीच बघितलं होतं. पदर पुढं ओढून ती दगडाकडं बघत बसली होती.

आणि सर म्हणाले, म्हातारीला डावीकडं घे. आई तेव्हा चाळिशीचीही नसेल. दगडाची धूळ केसांत बसली की बाई म्हातारी दिसते.

मी हललो नाही. सर म्हणाले, "जा ना. तुमच्या लोकांची भाषा तुला येते. नीट समजावून सांग."

मी गेलो. बायांच्या हातोड्या थांबल्या. माझी चुलती होती त्यांच्यात, लहानपणी तिनं मला कडेवर घेतलेलं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी आईच्या पुढ्यात उभा राहिलो आणि म्हणालो,

"बाई, जरा डावीकडं सरका."

तिनं वर बघितलं नाही. हातोडी उचलली, बूड उचललं, सरकली. म्हणाली,

"व्हय सायेब."

माझ्या आईनं मला साहेब म्हटलं. लाज राखली माझी. मी ती राखू दिली.

एवढ्यावर भागलं नाही. तिनं उन्हासाठी काठ्यांवर गोणपाट ताणलं होतं. सर लांबून ओरडले, "ते गोणपाट काढ. भिंतीची ओळ मोडतंय." ते मी माझ्या हातानं उपसून काढलं. "हातोडी वर धरून बसायला सांग." सांगितलं. ती हात वर धरून उन्हात बसली. बाकीच्या बायांचे ढीग वाढत होते, तिचा होता तेवढाच राहिला.

मी जागेवर आलो. कागद लावला. सवयीनं डोळे बारीक केले. आईचं तोंड दिसेनासं झालं. पदर, हात, धूळ सगळं मिसळून एक काळसर डाग उरला. उजवीकडं भिंतीचा पांढरा पट्टा, डावीकडं खाली तो डाग. चित्र तोललं गेलं होतं. सर बरोबर होते. हीच गोष्ट मला आजवर खाते. त्यांचं चुकलं असतं तर मला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण आईला उन्हात सरकवल्यानं चित्र चांगलं झालं होतं, ते मला दिसत होतं, आणि दिसल्यावर मनातून बरं वाटलं होतं. तिचा हात थरथरत होता आणि माझ्या मनात आलं, हलू नये तिनं.

संध्याकाळी घरी ती खांद्याला तेल चोळत बसली होती. मी आत गेलो. तीच म्हणाली, "लई येळ हात वर धराया लावला रं तुझ्या मास्तरानं. चित्र बरं झालं न्हवं?"

"झालं."

"मग झालं तर. जेव."

दुसरं काही नाही. मी भाकरी मोडली. शरम वाटत होती. स्वतःची किळस येत होती म्हणालो तरी चालेल.

तो आठवडा मी पाळी संपली की घरी येऊन चित्र पुरं करत होतो. आणि न ठरवता मी त्या डागाला तोंड काढलं. भुवईवर कपची लागून पडलेली खूण. ओठ मिटलेले. आणि तिचे बारीक केलेले डोळे. खडी फोडणारी बाई डोळे बारीक करूनच बघते. दगडाची कपची उडून डोळा जाऊ नये म्हणून. तोंड फार मोठं नव्हतं, नखाएवढं. पण तिचंच होतं. ती जवळून गेली की मी कागद पालथा करायचो.

रविवारी सरांच्या ओसरीवर सगळ्यांची चित्रं भिंतीला टेकून मांडली. सर एकेकापुढून गेले. माझ्यापुढं थांबले. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात रचना. डावीकडचं हे वजन बघा. ही बाई काढून टाका, सगळं चित्र उजवीकडं कोसळेल." माझी छाती फुगली. इतकं ऐकूनही फुगली. माणूस किती हलकट असू शकतो ते मला त्या दिवशी माझ्यावरून कळलं.

"एकच चूक झाली," सर म्हणाले. "चेहरा. खडी फोडणाऱ्या बाईला चेहरा कशाला? नजर तिथंच अडकते. कारखान्यापर्यंत जातच नाही."

त्यांनी माझाच ब्रश घेतला. माझ्या डबड्यातल्या पाण्यात तो बुडवला नाही, घंगाळात बुडवला. गडद तपकिरी रंग घेतला आणि दोन फटकाऱ्यांत माझ्या आईचं तोंड पुसलं.

"आता बघा."

सगळ्यांनी डोळे बारीक केले. कुणीतरी "वा" म्हणालं. माझेही डोळे बारीक झाले, आपोआप. तोंडाच्या जागी ओला तपकिरी डाग होता. तो खाली तिच्या मानेवर ओघळत होता.

"सर, ती माझी आई आहे."

मी मोठ्यानं बोललो नव्हतो. पण सगळ्यांच्या माना वळल्या. ठेकेदाराचा मुलगा वर्गात होता, तो म्हणाला, "तू तर म्हणाला होतास घरी असते." मी म्हणालो, "खोटं बोललो. खडी फोडते. तुझ्या वडलांच्या कामावर."

सर हातातल्या ब्रशकडं बघत राहिले. माणूस वाईट नव्हता, वरमला होता. मग अगदी मायेनं म्हणाले,

"अरे, मग आधी सांगायचंस. दुसरी कुठली तरी म्हातारी घेतली असती."

मायेनं म्हणाले, म्हणून ते आरपार गेलं. दुसरी कुठली तरी. म्हणजे माझी चुलती. म्हणजे तिच्या पलीकडची. कुणाची तरी आई उन्हात बसणारच होती, कुणाचं तरी गोणपाट निघणारच होतं, आणि कुणाच्या तरी तोंडावर तो ब्रश फिरणारच होता. प्रश्न एवढाच की ती कुणाची. आणि ती दुसऱ्या कुणाची असती तर मी काय केलं असतं? मीही "वा" म्हणालो असतो.

मी भिंतीपाशी गेलो, चित्र उचललं.

"कुठं चाललास?" सरांचा आवाज बदलला. "भावना वेगळी, रचना वेगळी. डोकं ठिकाणावर ठेव. आत्ता गेलास तर परीक्षेला मी तुला पाठवणार नाही."

"नका पाठवू," मी म्हणालो. "रचना तुम्ही शिकवलीत, ती मी विसरणार नाही. पण कोपऱ्यात कुणी बसायचं ते इथून पुढं तुम्ही मला सांगायचं नाही."

त्या दिवशी कुणाचे ब्रश मी धुतले नाहीत. सरळ रस्त्यावर गेलो. काम चालू होतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो,

"आये!"

हातोड्या थांबल्या. मुकादम म्हणाला, "कोन रं तू?" म्हणालो, "हिचा मुलगा." तो दात काढून हसला. "मागल्या ऐतवारी तर सायेब हुतास." हसणं रास्तच होतं त्याचं.

आईला मी सगळं सांगितलं. चित्राचं, तोंडाचं, परीक्षेचं. वाटलं होतं, तिचे डोळे भरून येतील. पोटाशी धरेल. तिनं हातोडी खाली टाकली.

"माझ्या तोंडापायी परीक्षा घालवलीस? येडा हाईस का रं तू? मी सायेब म्हनले ते काय उगीच म्हनले?"

मी हातातलं चित्र खाली ठेवलं.

"तुला मास्तर झालेला बघायचा हुता मला. त्येच्यासाठी आनि धा येळा म्हनले असते." मग तिनं हातोडी उचलली. "जा आता. मुकादम बघतुया."

आणि ती दगड फोडायला लागली. मला तिनं त्या दिवशीही माफ केलं नाही, पुढंही कधी नाही. मीही मागितली नाही माफी. तिला बाई म्हणालो, तो अपराध. आणि तिनं ऊन खाऊन माझ्यासाठी जे राखलं होतं ते एका तिरीमिरीत उधळलं, तोही अपराधच. दोन्ही माझे आहेत. त्या दिवसानं माझी सुटका झाली असं कुणी म्हणालं तर मला राग येतो.

बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. पाळीवरून येऊन मी तिला दारात बसवलं आणि कागद लावला. तिनं विचारलं, "कुटं सरकू?" तिच्या मनात काही नव्हतं, साधंच विचारलं होतं. मी म्हणालो, "कुठं नको. आहेस तिथंच बस." ते चित्र फसलं. तोंड मोठं काढलं, मधोमध ठोकलं, सगळं कलंडलं. नुसत्या रागानं चित्र उभं राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग मी पुन्हा काढलं. पुन्हा फसलं. हातोडीचा दांडा कुठून आला म्हणजे नजर तिच्या डोळ्यांशी जाईल, दगडाचा ढीग कुठं रचला म्हणजे तिचं वजन पेलेल, ऊन कुठल्या गालावर पडायला हवं, हे शिकायला मला पुढची कितीतरी वर्षं गेली. शिकवायला कुणी नव्हतं. कारखान्यातून यायचो, हात धुवायचो आणि कागदापुढं बसायचो.

आजही बसतो. कोरा कागद समोर आला की मी पहिल्यांदा चेहरा काढतो. खडी फोडणाऱ्या बाईचा, बाटल्या धुणाऱ्याचा, ज्याला कुणी नाव विचारत नाही त्याचा. भुवईवरच्या खुणेसकट. मग बाकीची रचना त्या चेहऱ्याच्या हिशेबानं करतो. बघणाऱ्याला त्याच्यावरून पुढं जाता येणार नाही अशी करतो. आणि उरलेल्या जागेत कारखाना बसला नाही, तर कारखाना कागदाबाहेर ठेवतो.