तळव्यावरची लसूण

पटकीच्या साथीत वर्तमानपत्रासाठी माहिती घ्यायला मी ठाण्याच्या खाडीकाठच्या स्मशानात रोज जात असे. तिथे चिता रचणारा एक माणूस होता. लाकडे रचण्याआधी तो प्रत्येक प्रेताच्या तळव्यांना ठेचलेली लसूण चोळी, घटकाभर थांबे आणि मग त्याच्या तोंडापाशी वाकून वास घेई.

"रगत फिरत असंल तर पायाची लसूण तोंडात येते," तो सांगे.

नातेवाईक चिडत. "अरे, मेलेल्याचं तोंड काय हुंगतोस?"

"घाई तुम्हाला हाय, त्याला न्हाई."

माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांना यात तथ्य वाटे. लसणीच्या तेलात गंधक असते, ते कातडीतून रक्तात आणि रक्तातून श्वासात उतरते, असे ते म्हणत. त्या साथीत या वासामुळे एक बाई तिरडीवरून खरोखरच घरी परतली.

भाद्रपदात तो चिता रचणारा स्वतःच पटकीने आजारी पडला. नाडी लागेना. माणसे उचलायला आली, तेव्हा त्याची बायको आडवी आली.

"आधी लसूण चोळा, भाऊ. त्याबिगर मी यांना हलवू द्यायची न्हाई."

मी तळवे चोळले, घटकाभर थांबलो आणि वाकलो. वास स्वच्छ येत होता.

"आला ना?" तिने विचारले.

आला होता. पण जिवंतपणीही तो जवळ आला की हाच वास येई. बोटांतून, कपड्यांतून, घामातून. तिने त्याच्यावर पांघरूण ओढले आणि माणसांना परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा वाकलो. वास तेवढाच होता.